मुक्ताईच्या वाटेवर एक शंकेखोर ख्रिस्ती

पंढरपूरची आषाढी सगळ्यांना ठाऊक असते. आमच्या खानदेशात माघ महिन्यात आणखी एक वारी चालते, मुक्ताईची. माघ वद्य एकादशीला मुक्ताईनगरला, म्हणजे जुन्या एदलाबादला, गावोगावच्या दिंड्या पोचतात आणि महाशिवरात्रीपर्यंत कोथळीपासून चांगदेवपर्यंतचा सगळा पट्टा माणसांनी फुललेला असतो. भुसावळच्या आमच्या गल्लीतल्या आक्का दर वर्षी डोक्यावर तुळस घेऊन जातात. २०२४ साली त्यांच्या दिंडीत मीही होतो.

मी कॅथलिक. आजोबा नगर जिल्ह्यातून रेल्वेच्या नोकरीसाठी भुसावळला आले आणि इथलेच झाले. हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे येशूची आई मारियेच्या, यात्रेला लहानपणापासून जात आलोय, त्यामुळे गर्दी, धूळ आणि रस्त्याकडेचं जेवण मला नवीन नाही. नवीन होतं ते हे, की या खेपेला माझा आजार सोबत आहे हे मला माहीत होतं आणि डॉक्टरांनाही माहीत होतं.

आजार म्हणजे ओसीडी, आपल्याकडे ज्याला मंत्रचळ म्हणतात तो. लोकांना हात धुणारा मंत्रचळ माहीत असतो. माझे हात कोरडेच असतात, धुणं चालतं ते मनाचं. ‘नमो मारिये’ ही मारियेची प्रार्थना म्हणताना मध्येच एखादा घाण विचार आला, कधी तर येशूबद्दलच शिवी आली, की ती प्रार्थना बाद. पुन्हा पहिल्यापासून. जपमाळेत ‘नमो मारिये’ त्रेपन्न वेळा येतं, विसेक मिनिटांत माळ संपते. माझी पहिल्या दहा मण्यांतच रात्र व्हायची. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, ख्रिस्तशरीर म्हणून दिली जाणारी भाकर घ्यायला रांगेत उभा राहिलो की एखादं न सांगितलेलं पाप आठवायचं आणि मी रांग सोडून मागे यायचो. पापनिवेदनाला, म्हणजे फादरांपुढे पापं सांगून क्षमा मागायला, एकाच आठवड्यात पुन्हा पुन्हा. बाहेर पडल्यावर वाटायचं, ‘नीट सांगितलं नाही, फादरांना गैरसमज झाला असेल, मग क्षमा लागू होईल का?’

हे सगळं मी भक्ती समजत होतो असं नाही. त्यात काहीतरी बिनसलंय हे कळायचं, पण देवाच्या बाबतीत धोका कोण पत्करणार! एका प्रार्थनासभेत तर माझ्यातला दुरात्मा काढायचा घाट घातला गेला. त्यानंतर महिनाभर मी स्वतःच्या अंगात काय आहे ते तपासत बसलो. तपासायला आणखी एक विषय मिळाला, एवढाच उपयोग.

जळगावच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली तेव्हा आधीच बजावलं होतं की या आजारात नैराश्यापेक्षा डोस बहुधा जास्त लागतो आणि फरक दिसायला दोन-तीन महिने जाऊ शकतात. सोबत दुसरा उपचार: भीती वाटते तिथं मुद्दाम जायचं आणि भीती घालवण्यासाठी जे करतो ते करायचं नाही. प्रार्थना पुन्हा म्हणायची नाही, कुणाकडून खात्री मागायची नाही. शंका आहे तशी राहू द्यायची. १९६६ साली व्हिक्टर मेयर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने लंडनमध्ये ही पद्धत पहिल्यांदा मांडली. आमच्या फादरांकडे यासाठीचा चर्चचा जुना नियम होताच. अतिशंकेखोर माणसाने एकाच फादरांचं ऐकायचं, सांगून झालेलं पाप पुन्हा उकरायचं नाही, आणि पाप झालं की नाही अशी नुसती शंका असेल तर झालं नाही असं धरायचं. डॉक्टर हिंदू, फादर कॅथलिक, आणि दोघांचं औषध एकच निघालं. मला याची थोडी गंमत वाटली.

आक्कांनी “चल की यंदा” म्हटलं तेव्हा मला भीती वाटली ती बायबलच्या दहा आज्ञांमधल्या पहिल्या आज्ञेची. माझ्यावाचून तुला दुसरे देव नसावेत. मी फादरांना विचारलं. ते म्हणाले, चाल, भजन ऐक, पाणी वाटप. पूजा तुझी नाही, ती करू नकोस. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असं कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ सालीच म्हटलंय. डॉक्टर म्हणाले, उत्तर मिळालं ना? आता हाच प्रश्न दुसऱ्यांदा विचारायचा नाही.

खरा व्यायाम हाच होता. चालणं त्यामानानं सोपं.

दशमीला सकाळी निघालो. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या मागे पडल्या, वरणगावच्या दिशेला दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा आणि कापायला आलेला गहू. मार्चचं ऊन आमच्याकडे नऊ वाजताच डोळ्यांवर येतं. चौपदरी रस्त्यावर ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात, म्हणून चोपदार सगळ्यांना कडेला दाबत होते. पुढे पताका, मग टाळकरी, मध्ये वीणेकरी, मागे बाया.

पऱ्हाट्या भरलेली एखादी गाडी गेली की रस्त्यावर काड्या सांडतात. दोन काड्या एकमेकींवर आडव्या पडल्या की झाला क्रूस. अशा फुल्या मला सगळीकडे दिसतात, फरशीवर, खिडकीच्या गजांत. एकीवर पाय पडला आणि मी थबकलो. मागच्या आजोबांचा टाळ माझ्या पाठीला लागला. “काय शोधून राह्यला भो?” काही नाही म्हटलं आणि चाललो. संत इग्नेशियस लोयोला, जेझुइट या धर्मगुरूंच्या संघाचा संस्थापक, यानं शंकेखोरपणाबद्दल लिहिताना अगदी हेच उदाहरण घेतलंय: काड्यांच्या क्रुसावर नकळत पाय पडला आणि नंतर मनात आलं की आपण पाप केलं. त्याचं म्हणणं, पहिली गोष्ट निव्वळ चुकीचा समज, आणि त्यानंतर मन कुरतडत राहते ती खरी शंका. १५२२ मध्ये स्पेनमधल्या मान्रेसाला तो स्वतः यातून गेला होता. सांगितलेली पापं पुन्हा पुन्हा सांगायचा, इतका थकला की जीव द्यायचे विचार यायचे. त्याची ओळ मला पाठ आहे, पण तेव्हा पाठ असून काही होत नाही. पाठीला टाळ लागला म्हणून पाय उचलला गेला, इतकंच.

वरणगावच्या मुक्कामात हरिपाठ झाला. मी कडेला बसून ऐकत होतो. ऐकताना माझ्या लक्षात आलं की शेजारचा तरुण मध्येच फोन बघतो, एक बाई पोराला दामटवते, एक म्हातारे तर डुलक्या घेत होते आणि ओठ हलतच होते. कुणाचंही नाम बाद होत नव्हतं. मागे जाऊन सुटलेलं पुन्हा म्हणा असं कुणी म्हणत नव्हतं. मीही नामच घेतो, तेवढ्याच वेळा किंवा जास्तच. पण ते घेतात ते पोचलंच आहे असं धरून, आणि मी घेतो ते पोचलं नाही म्हणून. आक्कांना विचारलं, मन भटकलं तर? त्या म्हणाल्या, “भटकू दे बापू. ते काय बांधून ठेवाचं ढोर आहे का? फिरून येतं सांजचं.” हे त्या इतक्या सहज बोलल्या की मला त्यांचा हेवा वाटला. त्यांचा उपदेश माझ्या कामाचा नव्हता, कारण माझं भटकणारं मन सांजचं परत येत नाही, ते येतं ते पुरावा घेऊन. पण हेवा वाटला.

एकादशीला सकाळी साबुदाण्याची खिचडी होती. आमचा ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू होता, तो ज्या दिवशी सुरू होतो तो राखेचा बुधवार १४ फेब्रुवारीलाच होऊन गेलेला, तेव्हा ताटात माझ्यासाठी अडचणीचं काहीच नव्हतं. बायबलमध्ये संत पौलानं करिंथ गावच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलंय की जेवायला बोलावलं तर पुढे वाढलेलं चौकशी न करता खा. मी खात होतो. अर्धं ताट झालं आणि वाढणारा मुलगा ओरडला, “घ्या घ्या, मुक्ताईचा परसाद हाये!”

आता पौलाचं पुढचंच वचन असं आहे की कुणी तुम्हाला सांगितलं, हे दुसऱ्या देवाला अर्पण केलेलं आहे, तर खाऊ नका. माझ्यासारख्या माणसाला पुढचं वचन पाठ असायलाच हवं का! मुलानं सांगितलं ते मला सांगितलं की सगळ्यांना? खिचडी खरंच नैवेद्याची की त्याची बोलायची पद्धत? आधीच्या घासांचं काय? खिशात फोन होता, फादरांचा नंबर वरच होता. डॉक्टरांच्या भीती मोजायच्या पट्टीवर, शून्य ते शंभर, मी ऐंशीला होतो. फोन काढला नाही. मुलालाही विचारलं नाही. उरलेली खिचडी खाल्ली आणि पताकेमागे चालू लागलो. पहिला तास फार वाईट गेला, टाळांचा आवाजही नकोसा झाला. पूर्णेच्या पुलापर्यंत चाळीसवर आलो होतो, आणि का आलो ते माहीत नाही. उत्तर काही सापडलं नव्हतं. ते अजूनही सापडलेलं नाही.

रात्री मुक्ताईनगरला कीर्तन ऐकलं. महाराजांनी चांगदेवाची गोष्ट लावली. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं, तर मायना काय घालायचा? वयानं लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावं, तर ज्ञानानं मोठे. ‘तीर्थरूप’ लिहावं, तर ते पोरवयाचे. ठरेना, म्हणून चौदाशे वर्षांच्या योग्यानं कागद कोराच धाडला. मुक्ताई म्हणाली, इतकी वर्षं जगूनही कोराच राहिला. सगळा मांडव हसला. मी जरा जास्तच हसलो, आक्कांनी वळून पाहिलं. चूक होऊ नये म्हणून काहीच न लिहिणारा माणूस मला चांगला माहीत होता. बरं, त्या कोऱ्या कागदालाही ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांचं उत्तर दिलं, आणि याच चांगदेवाला पुढे मुक्ताईनं शिष्य केलं. महाराजांनी त्यातून अद्वैत काढलं. त्यांचं ते कामच आहे. मी माझ्यापुरतं एवढंच घेतलं की मायना चुकलेलं पत्रही पोचलं असतं.

८ मार्चच्या शुक्रवारी महाशिवरात्र होती. तापी-पूर्णेच्या संगमावर, चांगदेवाच्या जुन्या दगडी देवळाबाहेर दर्शनाची रांग लांबवर गेलेली. मी आत गेलो नाही, ते ठरलेलंच होतं. बाहेर चपला सांभाळत आणि आक्कांची तुळस धरून बसलो. उपवासकाळातला शुक्रवार म्हणजे आमच्या चर्चमध्ये संध्याकाळी क्रुसाची वाट असते, येशूच्या दुःखाच्या चौदा टप्प्यांची प्रार्थना. ती चुकणार होती. तीही चुकू दिली.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी गोळी तीच ठेवली, डोसही तोच. नवीन काम दिलं: रात्री ‘नमो मारिये’ एकदाच म्हणायचं, मध्ये शिवी आली तर शिवीसकट, आणि दिवा मालवायचा. पहिल्या आठवड्यात मला ते दोनदाच जमलं. आक्का विचारताहेत, आषाढीला येतो का. मुक्ताईची पालखी महिन्याहून जास्त चालते, रजा कुठून आणू?