समुद्रतळाखालची शिलारसाची कोठी किती मोठी?

समुद्रतळ दुभंगून नवे कवच तयार होते त्या मध्य-महासागरी पर्वतरांगांखाली शिलारसाने (मॅग्माने) भरलेली, कित्येक किलोमीटर रुंदीची कोठी असावी, असे १९७०च्या दशकात बरेच भूशास्त्रज्ञ मानत होते. सागरी कवचाच्या खालच्या भागातला गॅब्रो हा खडक अशाच कोठीत सावकाश थिजला असणार, हा तर्क वरवर बिनतोड होता. रॉबर्ट डेट्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्व पॅसिफिक पर्वतरांगेच्या भूकंपीय सर्वेक्षणाचे निष्कर्ष १९८७ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्या तर्काला तडा गेला.

या पद्धतीत जहाजामागच्या एअरगनमधून दाबाखालची हवा एकदम पाण्यात सोडतात. त्यातून उठलेली लहर तळ भेदून खाली जाते आणि थरांवरून परतणारे तिचे पडसाद जहाजामागे ओढल्या जाणाऱ्या लांबच लांब केबलमधले हायड्रोफोन (पाण्यातले ध्वनिग्राहक) टिपतात. डेट्रिक यांच्या नोंदींत तळाखाली सुमारे दीड किलोमीटरवर एक ठळक रेषा सलग दिसत होती. खरी गंमत त्या रेषेच्या ठळकपणात नव्हे, तर परतलेल्या लहरीचे चढउतार उलटे झाले होते यात आहे, कारण लहर जलद वाहून नेणाऱ्या खडकाखाली तिला मंदावणारा पदार्थ असला तरच असे घडते. पुढच्या अभ्यासांत हा थर बहुतेक ठिकाणी जेमतेम किलोमीटरभर रुंद आणि शंभर मीटरहूनही कमी जाड भरला. त्याच्याखाली स्फटिक आणि त्यांच्या फटींत अडकलेला रस यांचा घट्ट लगदा आहे.

थरातही सगळीकडे निव्वळ रस नसतो. भूकंपीय लहरींपैकी दुय्यम (एस) लहरी, म्हणजे पदार्थाला आडवे हलवत जाणाऱ्या लहरी, द्रवातून जात नाहीत. त्यामुळे जहाजापासूनचे अंतर वाढत जाते तसा पडसादाचा जोर कसा बदलतो, हे तपासून रस आणि लगदा वेगळे ओळखता येतात. माझ्या मते चित्रापेक्षा हा हिशेब अधिक मोलाचा आहे, कारण उद्रेकाला लागणारा रस कोठे साचला आहे ते त्यावरूनच कळते.

असा उद्रेक खरोखर होतो. २००६ मध्ये पूर्व पॅसिफिक पर्वतरांगेवर समुद्रतळाशी ठेवलेल्या १२ भूकंपमापकांपैकी चारच वर आले. बाकीच्यांतले काही ताज्या लाव्हात रुतून बसले होते. मंद गतीने दुभंगणाऱ्या अटलांटिक पर्वतरांगेखाली असा साठा टिकेल का, ही शंका होती. सतीश सिंग आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी या रांगेवरच्या लकी स्ट्राइक या ठिकाणी, तळाखाली सुमारे तीन किलोमीटरवर, तो दाखवून दिला.

कोठी इतकी पातळ असेल, तर खालचा सगळा गॅब्रो थिजला कुठे, वरच्या थरात थिजून खाली सरकला की खालीच थिजला, हा प्रश्न मात्र पूर्ण मिटलेला नाही. पूर्व पॅसिफिकमध्ये मुख्य थराच्या खालीही रसाचे आणखी थर आढळले आहेत, त्यामुळे निदान काही गॅब्रो वरून खाली न सरकता तिथल्या तिथेच थिजत असावा, असे मानायला जागा आहे.