साष्टीच्या कडेकडेनं

लग्न होऊन ठाण्यात आले त्याला आता २६ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत आपण बेटावर राहतो, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. कल्याणला जाताना लोकल कळव्याच्या पुलावरून धडधडत जाते तेव्हा खाली पाणी दिसतं, तेवढीच खाडीशी ओळख. तो पूल म्हणजे बेट संपून जमीन सुरू होण्याची जागा. अलीकडे ठाणं, मुलुंड, अंधेरी, बोरिवली, भाईंदर, सगळं मिळून साष्टी. ६६ गावं होती म्हणून साष्टी, असं सांगतात.

हे मला पुस्तकातून नाही, सायकलवरून कळलं. जानेवारीतल्या शेवटच्या रविवारी मी आणि माझा भाचा बेटाच्या उत्तरेच्या कडेनं वसईला गेलो. जाताना बेट सोडलं पुलावरून आणि परतलो बोटीनं.

पहाटे साडेपाचला नौपाड्यातून निघालो. माजिवडा, कापूरबावडी, मानपाडा, कासारवडवली इथपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. मेट्रोचे खांब, ट्रक आणि चहाच्या टपऱ्या. गायमुख आलं की मात्र हवाच बदलते. डाव्या हाताला येऊरचं जंगल रस्त्यापर्यंत उतरतं, उजव्या हाताला खारफुटी आणि तिच्यापलीकडे खाडी. थंडी एकदम बोटांना लागते. राजमाचीच्या बाजूनं निघालेली उल्हास नदी कर्जत, बदलापूर, कल्याण करत इथवर येते आणि वसईला समुद्राला मिळते. आम्ही तिच्याच सोबतीनं चाललो होतो.

घाटात माझं मागचं चाक बसलं. कडेला जेमतेम हातभर जागा, शेजारून अवजड गाड्या जातायत. भाचा म्हणाला, "मावशी, तू आत हो, मी टॉर्च धरतो." चाक काढलं, लिव्हरनं टायर उचकटला, ट्यूब बाहेर घेतली आणि हवा भरून गालाजवळ फिरवली. रस्त्याच्या त्या आवाजात कानाला काही कळत नाही, गालाला बारीक गार झोत लागतो. भोक सापडलं, पॅच लावला. पण माझ्या सायकलवाल्यानं एक गोष्ट पक्की शिकवलीय, कारण सापडल्याशिवाय टायर चढवायचा नाही. टायरच्या आतून सावकाश बोट फिरवलं तर भोकाच्याच जागी टोचलं. फुटलेल्या ट्रकच्या टायरची तार, भाताच्या तुसाएवढी. बाहेरून दिसत नव्हती. चिमट्यानं ओढून काढली आणि रुमालाच्या टोकात बांधून ठेवली. घाटातला रस्ता जागोजागी उखडलेला आहे आणि कडेला ही असली तार, खडी, काच साचते. ज्यांच्याकडे या रस्त्याची देखभाल आहे, त्यांनी एकदा तरी पहाटे इथून सायकल चालवावी, असं मला मनापासून वाटतं.

घोडबंदरच्या किल्ल्यावर पोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. किल्ला छोटा, टेकडीही छोटी, पण वर उभं राहिलं की खाडीचं वळण असं समोर येतं की किल्ला इथेच का, हे विचारावंच लागत नाही. या बंदरात अरबांचे घोडे उतरायचे, त्यावरून घोडबंदर, असं म्हणतात. कल्याण-भिवंडीच्या मालाला समुद्राकडे न्यायची ही वाट. एक तोंड वसईला, दुसरं ठाण्याला. दोन्ही पोर्तुगीजांच्या हातात होती तोवर मधलं सगळं पाणी त्यांचं. मराठ्यांनी १७३७ मध्ये आधी ठाणं घेतलं आणि मग वसईला दोन वर्षं झुंजले. हा क्रम शाळेत नुसता पाठ केला होता. त्या टेकडीवर तो डोळ्यांनी दिसला. ओहोटी लागली होती, खाली चिखलात बगळे उभे होते.

वर्सोव्याचा पूल ओलांडला आणि बेट सुटलं. महामार्गावर जितका कमी वेळ काढता येईल तितका काढला आणि बापाण्याहून जूचंद्रकडे वळलो. जूचंद्र रांगोळीचं गाव. इथल्या माणसांनी काढलेल्या रांगोळ्यांतले चेहरे मी दिवाळीतल्या प्रदर्शनांत बघितलेत, डोळ्यांतलं पाणीसुद्धा रांगोळीनं उतरवतात. त्या सकाळी गावात चूल पेटल्याचा वास होता आणि एका दारात साधी ठिपक्यांची रांगोळी होती, तरी मी सायकल थांबवून बघितली. मग नायगाव, उमेळं आणि वसई. घरापासून साधारण ४० किलोमीटर झाले.

वसईच्या किल्ल्याबद्दल किती लिहू! माझं माहेर नाशिकचं. गोदाकाठी, नारोशंकराच्या देवळाच्या तटात ती मोठी घंटा आहे, तिच्या छायेत आम्ही वाढलो. घरात कुणाचा आवाज चढला की आजी म्हणायची, "नारोशंकराची घंटा झालीय नुसती." गोदावरीला पूर आला की पाणी घंटेपर्यंत पोचलं का, हे लोक एकमेकांना विचारायचे. ही घंटा वसईहून, पोर्तुगीजांच्या चर्चमधून आलेली, १७२१ साली ओतलेली, हे आजोबांनी सांगितलं होतं. तेव्हा वसई म्हणजे कुठेतरी लांब, एवढंच कळायचं.

आणि त्या दिवशी मी एका पडक्या चर्चच्या मनोऱ्याखाली उभी राहून वर बघत होते. वर घंटेची रिकामी कमान, कमानीतून आभाळ, आणि एक पारवा आत बाहेर करत होता. नाशिकची घंटा याच मनोऱ्यातली होती, असं मी म्हणत नाही. चर्च इथं कितीतरी होती आणि घंटाही विजयाची खूण म्हणून ठिकठिकाणी गेल्या. एक भीमाशंकरला आहे, एक वाईजवळ मेणवलीला. पण लहानपणापासून जिचा आवाज ऐकला तिची जागा अशीच कुठेतरी असणार, आणि मी तिथवर माझ्या पायांनी आलेय, या विचारानं गळा दाटून आला. भाच्याला काय झालं ते कळलं नाही. त्यानं न बोलता पाण्याची बाटली पुढे केली.

फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत थडग्यांचे दगड आहेत. त्यावर पोर्तुगीज अक्षरं आणि घराण्यांची चिन्हं कोरलेली आहेत. एका दगडावर वाळलेली पानं होती, ती मी हातानं बाजूला केली. अक्षरांच्या खाचांत मुंग्यांची रांग चालली होती. किती माणसं घरापासून हजारो मैलांवर इथं येऊन निजली! आणि किती मराठे त्या तटाखाली गेले! तीन बाजूंना पाणी, जमीन एका उत्तरेकडूनच, आणि त्या वाळूतून पुढे सरकत जाऊन सुरुंग लावायचे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे किल्ला शरण आला. मला दोन्हीकडच्यांबद्दल वाईट वाटलं आणि चिमाजींच्या पुतळ्यापुढे हातही आपोआप जोडले गेले. त्याच किल्ल्यातल्या भिंतींवर दगडानं ओरखडून लिहिलेली जोडप्यांची नावं बघवत नाहीत. नका हो लिहू, एवढंच हात जोडून सांगेन.

इथलाच गोन्सालो गार्सिया. वसईत जन्मला, १५९७ मध्ये जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला आणि १८६२ मध्ये संत म्हणून जाहीर झाला. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत. ठाण्याहून सायकलनं येण्याचं मला कौतुक वाटत होतं, तो या बंदरातून जपानला गेला.

वाटेत एका आजींच्या टोपलीत सुकेळी दिसली. राजेळी केळी सोलून उन्हात सुकवतात, ती मधासारखी काळसर होतात. मी पाव किलो मागितली, तर म्हणाल्या, "अगं बाई, सायकलवर आलीस ना? मग अर्धा घे, ताकद लागेल." अर्धा घेतली. चावताना आधी चिवट लागतं, मग हळूहळू गोड होत जातं, आणि बोटं चिकट होतात ती दोनदा धुतल्याशिवाय सुटत नाहीत.

किल्ल्याजवळच्या जेट्टीवरून भाईंदरला रो-रो, म्हणजे गाड्यांसकट माणसं नेणारी बोट, सुटते. २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून हा गोल फेरा सायकलवाल्यांना सोपा झालाय. सायकली स्कूटरच्या ओळीत लावल्या आणि कठड्याशी गेलो. आता भरती होती, सकाळचा चिखल पार झाकला गेला होता. मागे किल्ल्याचा तट ताडांच्या रांगेत मिसळत गेला. खाडीच्या तोंडाशी, उत्तनच्या बाजूला, धारावीच्या किल्ल्याची टेकडी. वसईच्या मोहिमेत ती घेण्यासाठी किती झटापटी झाल्या, ते पाण्यावरून बघताना पटतं, कारण तिच्या नजरेआडून एकही होडी आत येऊ शकली नसती. पुढे पाणजू बेट आणि त्यावरून जाणारे रेल्वेचे पूल. एक विरार लोकल खडखडत गेली. दारात उभी असलेली पोरं आमच्याकडे बघून हात हलवत होती, आम्हीही हलवले. पाऊण दिवस पेडल मारून घातलेला वळसा बोटीनं पंधरा-वीस मिनिटांत मिटवला.

भाईंदर, काशीमिरा आणि परत घोडबंदर रोड. दुपारच्या उन्हात तो रस्ता नुसता सोसायचा. घरी जाण्याआधी मात्र भाच्याला म्हटलं, पाच मिनिटं जेलवरून जाऊ. आपलं मध्यवर्ती कारागृह म्हणजे ठाण्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, मराठ्यांनी जिंकला, १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेला. दुसऱ्या बाजीरावाचे विश्वासू त्र्यंबकजी डेंगळे १८१६ मध्ये इंग्रजांच्या कैदेतून निसटले ते इथूनच. मी या भिंतीवरून भाजी घेऊन शेकडो वेळा गेलेय. त्या दिवशी तिच्याकडे बघताना ती वसईच्या तटाची धाकटी बहीण वाटली. तेच पाणी दोघींच्या पायाशी.

सोमवारी मागचा टायर बदलला. रुमालातली तार सायकलवाल्याला दाखवली तर त्यानं ती काउंटरवरच्या डबीत टाकली, तिथं तसल्या वीसेक तरी तारा होत्या. पुढच्या महिन्यात उलट दिशेनं, काल्हेर-कशेळीकडून नदीच्या वर, कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यापर्यंत जायचंय. भाचा म्हणतोय, निघायचं पाचलाच.