डाग खाली, गळती वर

भांडुपला एलबीएस मार्गाच्या आतल्या गल्लीत आमचं गॅरेज आहे. आमच्याकडे येतात त्या गाड्यांची वॉरंटी संपून जमाना झालेला असतो, त्यामुळे ऑइलगळती रोजचीच. तरी पावसाळ्याच्या तोंडावर आलेली ती मारुती झेन अजून डोळ्यांसमोर आहे.

१९९८ चं मॉडेल, कार्ब्युरेटरवालं. मीटर १ लाख ९० हजारांच्या पुढे. मुलुंडचे एक निवृत्त मास्तर ती पहिल्यापासून स्वतः चालवतात. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करावं लागणारं आरसीचं नूतनीकरणही वेळच्या वेळी केलेलं. अडचण अशी झाली की सोसायटीत नवे पेव्हर ब्लॉक बसले आणि त्यावर रोज सकाळी तळहाताएवढा काळा डाग. सेक्रेटरींनी लेखी कळवलं, गळती थांबवा नाहीतर गाडी बाहेर लावा. आता मुलुंडमध्ये बाहेर जागा आहे कुठे? त्याआधी एका गॅरेजवाल्याने त्यांना सांगितलं होतं की मागचं क्रँक सील, म्हणजे क्रँकशाफ्टच्या टोकाशी ऑइल अडवणारं रबर, गेलंय, गिअरबॉक्स उतरवायचा, हातासरशी क्लचही टाकायचा, १८ हजार धरा.

"मिस्त्री, एवढे घालण्यापेक्षा भंगारवाल्याला देऊन मोकळा होतो," मास्तर म्हणाले.

"सर, आधी बघू तरी द्या."

गाडी पिटवर घेतली. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या बेल हाउसिंगच्या तळाला थेंब लोंबत होता. बघताक्षणी कुणीही क्रँक सीलच म्हणेल. पण मला खटकलं ते वेगळंच. हाउसिंग बाहेरून अगदी वरपर्यंत माखलेलं होतं. क्रँक सील गळतं ते हाउसिंगच्या आत, आणि ऑइल खालच्या फटीतून बाहेर येतं. मग वरच्या अंगाला एवढा चिकटा आला कुठून?

ऑइल खाली ओघळतं आणि गाडी पळते तसं वाऱ्याने मागे उडतं. म्हणून सर्वांत खालचा थेंब सोडून सर्वांत वरची ओली जागा शोधायची, आणि इंजिन धुतल्याशिवाय ती सापडत नाही. आम्ही डिझेल आणि ब्रशने सगळा काळा थर काढला, कॉम्प्रेसरची हवा मारून इंजिन सुकवलं आणि त्यावर साधी टाल्कम पावडर भुरभुरली. मास्तर बघतच राहिले. मग मी त्यांना शेजारी बसवून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने पवईपर्यंत गाडी नेली आणि तशीच परत आणली. इंजिन तापायला आणि ऑइल पातळ व्हायला तेवढी रपेट पुरते.

परत आल्यावर टॉर्च मारला. पांढऱ्या पावडरीवर काळी रेघ उमटली होती. ती सुरू होत होती डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे स्पार्क प्लगना करंट वाटणाऱ्या भागाच्या, बुडाशी. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टच्या टोकाला बसतो, बरोबर गिअरबॉक्सच्या डोक्यावर. त्याची ओ-रिंग, म्हणजे बुडाशी बसणारी रबरी कडी, गेली की ऑइल सरळ बेल हाउसिंगवरून उतरतं आणि खालून बघणाऱ्याला क्रँक सील गळल्यासारखं दिसतं. दुसरी बारीक रेघ टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, कोपऱ्यातून निघाली होती. मी मास्तरांना वाकून बघायला लावलं. गिऱ्हाइकाने पैसे कशाचे द्यायचे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, हा माझा आग्रह असतो.

टॅपेट कव्हर काढलं तर पॅकिंगचं रबर इतकं कडक झालेलं की जुन्या काचेच्या बांगडीसारखं कटकन तुटलं. वर कुणीतरी सीलंटचा लपका मारून ठेवला होता. या प्रकाराचा मला मनापासून राग येतो. जादा सीलंट आत सुटतो, चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीत, पडतो आणि ऑइल पंपाची जाळी चोंदवू शकतो. गळती थांबवता थांबवता इंजिन उपाशी मरायचं. सगळं खरवडून पुसून घेतलं.

एवढ्यावर काम झालं असं नाही. दोन ठिकाणचं रबर एकदम हरतं तेव्हा मी आतला दाब बघतोच. पिस्टन रिंगांमधून थोडी हवा खाली उतरतेच. ती पीसीव्ही नावाच्या छोट्या व्हॉल्व्हमधून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या नळ्यांमध्ये, ओढली जायला हवी. व्हॉल्व्ह चोंदला की तो दाब सीलांवर येतो. आम्ही काम सुरू करण्यापूर्वीच ऑइलचं झाकण काढून तोंडावर कागद धरला होता, इंजिन आयडलिंगला. कागद ओढला जाण्याऐवजी वर फडफडत होता. आता व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला. आतून खुळखुळ आवाज यायला हवा, हा मुका. काजळीने जाम! नुसती पॅकिंगं बदलून दिली असती तर नव्यांवरही तोच भार आला असता.

माझा पोरगा ऑपेरा हाउसच्या मार्केटमधून पॅकिंग, ओ-रिंग आणि व्हॉल्व्ह घेऊन आला. डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी छिन्नीने खूण केली होती, बसवल्यावर ठिणगीची वेळ टायमिंग लाइटने पुन्हा तपासली. कव्हरचे बोल्ट हलक्या हाताने, थोडे थोडे आवळले. जोर लावला की पॅकिंग दबून बाहेर येतं. ऑइलचं झाकण काढून पुन्हा कागद धरला, या वेळी तो तोंडाला चिकटून बसला.

सगळं मिळून बिल अडीच हजारांच्या आत. मास्तरांनी दोनदा विचारलं, "क्रँक सीलचं काय?"

खालच्या फटीत बोट घालून बघितलं होतं. किंचित ओलसर लागलं, थेंब धरण्याइतकं नाही. या वयाच्या गाडीला एवढं चालतं. एवढ्यासाठी आज गिअरबॉक्स उतरवणं मला पटत नव्हतं, तसं त्यांना स्पष्ट सांगितलं. पुढे क्लच प्लेट बदलायची वेळ येईल तेव्हा गिअरबॉक्स उतरणारच आहे, त्या मजुरीत सील टाकून घेऊ. तोवर दर रविवारी इंजिन गार असताना डिपस्टिक बघायची, गाडीखाली पुठ्ठा ठेवायचा आणि सीलचं ऑइल लागून क्लच घसरायला लागला तर लगेच फोन करायचा.