घरी विणलेल्या जाळ्याचे पक्के बिल कुठून आणायचे?

जाळे दुकानात तयार मिळते अशी ज्यांची समजूत आहे, त्यांच्या टेबलावर आमचा अर्ज अडकला होता, संरक्षित मासा सोडवताना कापलेल्या जाळ्याच्या भरपाईचा. याच एका कागदापायी आणखी किती घरांनी भरपाईचा नाद सोडला असेल, या विचाराने अजून चिडायला होते, म्हणून लिहिते आहे.

नौका बाबांच्या नावावर आहे, तांडेल म्हणजे नौकेचे प्रमुखही तेच. कागदांची कामे माझ्याकडे असतात. गेल्या हंगामात आमच्या गिलनेटमध्ये, म्हणजे मासा कल्ल्यांपाशी अडकतो अशा उभ्या जाळ्यात, व्हेल शार्क गुरफटला. बाबांनी लगेच सुरी मागितली. कल्ल्यांभोवती दोर आवळले की हा मासा गुदमरतो आणि शेपटीला दोर बांधून ओढला तर आणखी जखमी होतो, त्यामुळे जाळे कापणे हाच मार्ग होता. २००१ पासून तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कायद्याने वाघाच्या रांगेत. खलाशाने मोबाइलवर सगळे टिपले. मासा खोल पाण्यात निघून गेला आणि आमच्या हाती फाटके जाळे राहिले.

राज्य सरकारने २०१८ च्या अखेरीस यासाठीच योजना आणली. कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असा संरक्षित जीव जाळे कापून जिवंत सोडला, तर जास्तीत जास्त २५,००० रुपये भरपाई मिळते. वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग मिळून ती राबवतात. योजना चांगलीच आहे. नौकेची नोंदणी, मासेमारी परवाना, पासबुक, फोटो हे सगळे एका दमात जोडून झाले.

मग प्रश्न आला, "जाळ्याचे पक्के बिल कुठे आहे, ताई?"

जाळीचे कापड एका वर्षी मच्छीमार संस्थेतून उधारीवर घेतलेले. दोर दुसऱ्या वर्षीचे, बोये म्हणजे जाळे तरंगत ठेवणारे गोळे त्याआधीचे, काही तर जुन्या जाळ्यावरून काढून लावलेले. जाळ्याच्या वजनाचे शिसे बाबांनी स्वतः बसवलेले. बाकी सगळे आईच्या आणि काकूच्या हातचे, ओसरीवर बसून पावसाळाभर केलेले. त्या मजुरीचे बिल कोण देणार? मी हे सांगितले, पुन्हा सांगितले, लिहून दिले. उत्तर एकच, "बिलाशिवाय किंमत कशी धरायची?"

त्याहून जाचक अट दुसरी होती. पाहणी होईपर्यंत जाळे तुणायचे, म्हणजे दुरुस्त करायचे नाही, नाहीतर नुकसानीचा पुरावा राहत नाही. पाहणीला कोण येणार, कधी येणार, हे कुणी सांगेना. ऐन हंगामात ते जाळे जेटीजवळ ताडपत्रीखाली पडून होते. आईने सुया दोऱ्याने भरून तयार ठेवल्या होत्या. बाबा उरलेल्या जाळ्यावर धंद्याला जात आणि परत आले की पहिला प्रश्न, "आला का कोण बघायला?" २५,००० ही कमाल मर्यादा झाली. निम्म्या जाळ्यावर धंदा केल्याने रोज जे बुडत होते, त्याचा रकाना अर्जात नाही. ही भरपाई जाळ्याची आहे हे मला मान्य आहे, पण पाहणी दोन-तीन दिवसांत झालीच पाहिजे. नाहीतर पुढच्या वेळी सुरी उचलताना तांडेलाचा हात अडखळेल, आणि त्याची किंमत तो मासा मोजेल.

शेवटी वाट काढली ती आमच्या मच्छीमार संस्थेच्या सचिवकाकांनी. कापड आणि दोर संस्थेतून कधी घेतले, आज त्यांचा दर काय, असे जाळे तयार करायला किती मजुरी पडते, हे त्यांनी संस्थेच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यासह लिहून दिले. ते पत्र पुढे ठेवल्यावर चक्रे फिरली. एक अधिकारी जेटीवर आले, त्यांनी फाटका भाग मोजला आणि पंचनामा केला. मनाने भला माणूस. जाळे कसे भरतात हे त्यांनी आईकडून नीट समजून घेतले. त्याच संध्याकाळी आई तुणायला बसली.

व्हिडिओबद्दल सांगायचे राहिले. मासा जाळ्यात असताना, कापताना आणि सुटून जाताना, तिन्ही वेळचे चित्रण हवे. एखाद्या फ्रेममध्ये तरी नौकेचा नंबर दिसू द्या. पण त्यासाठी माशाला थांबवून ठेवू नका, आधी सुरी. कापलेले तुकडे समुद्रात टाकू नका, घरी आणा. त्यात एखादे कासव अडकू शकते आणि पंचनाम्यालाही ते लागतात. आल्या आल्या फाटक्या भागाला मोजपट्टी लावून फोटो काढा. अर्ज देताना पोच घ्या, तारखेच्या शिक्क्यासह. माझ्याकडे ती होती म्हणून मला प्रत्येक वेळी ठामपणे बोलता आले.

पैसे खात्यात आले तेव्हा १ जूनची मासेमारी बंदी लागली होती. त्यातून बाबांनी आधी संस्थेची कापडाची उधारी फेडली.