फ्लोअर राइज आणि म्हातारपण

ठाण्यात घोडबंदर रोडला फ्लॅट बघायला जा. सेल्स ऑफिसातला मुलगा मजल्यागणिक भाव चढवत नेतो. वर वारा, वर व्ह्यू, एका खिडकीत येऊरचं जंगल, दुसरीत खाडी. आणि त्यापायी स्क्वेअर फुटामागे फ्लोअर राइज वेगळा. एक गोष्ट मात्र तो सांगत नाही. वरच्या मजल्यावर माणूस लवकर म्हातारा होतो!

थट्टा नव्हे. आइनस्टाइनने हे 1907 सालीच ताडलं होतं. पृथ्वीच्या जितकं जवळ तितका काळ सावकाश चालतो, जितकं वर तितका भरभर. घड्याळ बिघडलेलं नसतं; दूध नासणं, केस पिकणं, सगळंच त्या चालीने होतं. 2010 साली अमेरिकेत बोल्डरच्या प्रयोगशाळेत दोन अणुघड्याळांपैकी एक जेमतेम फूटभर वर उचललं, तर ते खरोखरच पुढे जाऊ लागलं. म्हणजे आपलं डोकंसुद्धा पायांपेक्षा वयाने थोरलं. हे माझ्या गुडघ्यांना कुणीतरी सांगायला हवं.

मी कागद-पेन घेऊन बसलो. सत्ताविसावा मजला म्हणजे साधारण 80 मीटर. तिथे 80 वर्षं काढली, तर तळमजल्यावरच राहिलेल्या माणसापेक्षा आपण 22 मायक्रोसेकंदांनी मोठे. पापणी लवायला याच्या हजारो पट वेळ लागतो. आईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "मग खालचाच घे. पण खाली डास फार."

एवढ्याशा फरकाने कुणाचं काय अडतं? रिक्षावाल्याचं अडतं. त्याच्या मोबाइलला रस्ता कळतो तो 20,200 किलोमीटरवरच्या जीपीएस उपग्रहांमुळे. उंचीपायी त्यांची घड्याळं दिवसाला 45 मायक्रोसेकंद पुढे पळतात, वेगापायी 7 मागे पडतात, उरले 38. उपग्रहाचा संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो, आणि त्याला लागलेल्या वेळेवरूनच अंतर काढतात. 38 मायक्रोसेकंदांत प्रकाश 11 किलोमीटर जातो. म्हणजे दुरुस्ती केली नाही, तर उपग्रहापासूनच्या अंतराचा हिशोब एका दिवसात तीन हात नाका ते कोपरखैरणे इतका चुकणार.

1977 साली एनटीएस-2 हा जीपीएसच्या चाचणीचा उपग्रह सिझियमचं अणुघड्याळ घेऊन वर गेला, तेव्हा हे सगळं खरंच घडेल का, याची काहींना शंका होती. म्हणून दुरुस्तीची सोय बसवली, पण सुरुवातीला बंद ठेवली. वीसेक दिवस घड्याळावर नजर ठेवली. ते सांगितलं होतं जवळजवळ तेवढंच पुढे गेलं. मग दुरुस्ती चालू केली. मला ही गोष्ट फार आवडते. आइनस्टाइन झाला म्हणून काय झालं, आधी हिशोब दाखवा!

पुढे जीपीएसची घड्याळं जमिनीवरच मुद्दाम किंचित सावकाश लावून पाठवू लागले. वर गेली की ती आपल्या चालीला येतात. एवढं सगळं करूनही माजिवड्याला मोबाइल बारा मिनिटं दाखवतो आणि पाऊण तास लागतो, त्यात गुरुत्वाकर्षणाचा काडीचाही हात नाही. तो मेट्रोच्या कामासाठी रस्त्यात ठोकलेला पत्रा आहे.