मनिहारों का रास्ता: जयपूरला लाखेच्या बांगड्या घ्यायच्या तर

जयपूरच्या तटबंदीतल्या त्रिपोलिया बाजारातून दक्षिणेकडे एक अरुंद गल्ली निघते, तिचं नाव मनिहारों का रास्ता. सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये शहर वसवलं तेव्हापासून इथे एकेका धंद्याच्या नावाचे रस्ते आहेत. ठठेरों का रास्ता तांबटांचा, मनिहारांचा बांगडीवाल्यांचा. आपल्याकडचा मण्यार हा शब्द त्याच मुळाचा. बापू बाजारात किंवा हवामहलाच्या आसपास तयार डबाबंद सेट मिळतात, पण लाखेची बांगडी घ्यायची तर या गल्लीतच, शेगडीसमोर बसून घ्यावी. कारण साधं आहे: लाख गरम असेपर्यंत बांगडी हाताच्या मापाची करून मिळते.

रेल्वे स्टेशनवरून मेट्रोची पिंक लाइन पकडा, तिसरं स्टेशन छोटी चौपड. वर आलात की त्रिपोलिया बाजारातून बडी चौपडच्या दिशेने चालायचं. डाव्या हाताला ईसरलाट हा उंच मनोरा दिसला की गल्ली जवळ आली, ती रस्त्याच्या पलीकडे, उजव्या बाजूला. हा मनोरा जयसिंहाचा मुलगा सवाई ईश्वरीसिंह याने विजयाची खूण म्हणून बांधला. पुढे होळकरांची फौज जवळ आली तेव्हा, डिसेंबर १७५० मध्ये, त्यानेच जीव दिला. त्यानंतर महिनाभरात, जानेवारी १७५१ मध्ये, तटाच्या आत आलेल्या मराठ्यांची याच शहरात कत्तल झाली. मराठी माणसाने इथे क्षणभर थांबावं असं मनापासून वाटतं.

सकाळी अकराच्या आधी जाण्यात अर्थ नाही आणि रविवारी जुन्या शहरातली बरीच दुकानं बंद असतात. श्रावणातल्या तीजेच्या आधी मात्र ही गल्ली फुलून जाते. उत्तरेत श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो, म्हणजे आपला आषाढ संपत आला की इथली गर्दी सुरू. लहरियाच्या, म्हणजे तिरप्या रंगीत पट्ट्यांच्या बांगड्या तेव्हाच सर्वांत जास्त दिसतात. तीजेची मिरवणूक त्रिपोलिया दरवाज्यातून निघते, त्या संध्याकाळी खरेदीचा बेत ठेवू नका.

आता माप. बांगडीचं माप म्हणजे आतला व्यास, इंचात आणि इंचाच्या सोळाव्या भागात. २.४ म्हणजे दोन इंच आणि चार आणे, म्हणजेच आपलं सव्वादोन. २.८ म्हणजे अडीच. हे दशांश नव्हेत, आणि घोटाळा नेमका इथेच होतो: अडीच हवी असते म्हणून माणूस २.५ सांगतो, आणि हातात २.४ पडते. घरूनच मोजून निघा. अंगठा करंगळीकडे दुमडून, तळहाताचा सर्वांत रुंद भाग दोऱ्याने मोजा. घेर १८ सेंटिमीटर आला तर २.४, १९ आला तर २.६, २० आला तर २.८. बसणाऱ्या जुन्या बांगडीचा आतला व्यास पट्टीने मोजला तरी चालतं: ५७ मिलिमीटर म्हणजे २.४, ६० म्हणजे २.६, साडेत्रेसष्ट म्हणजे २.८. काचेची बारीक बांगडी हाताला तेल-साबण लावून चढते. लाखेचं रुंद कडं तसं चढत नाही, म्हणून रुंद कड्यासाठी एक माप मोठं घ्यावं.

बांगडी घडताना नक्की बघा. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर किड्यांनी सोडलेला चीक. नुसती लाख ठिसूळ असते, म्हणून ती वितळवून तिच्यात दगडाची भुकटी आणि राळ घालून कणकेसारखा गोळा मळतात. राळ स्वस्त, म्हणून कुणी ती जास्त घातली की बांगडी लवकर तडकते. हा गोळा काठीच्या टोकाला लावून कोळशाच्या शेगडीवर फिरवत ठेवायचा. रंगीत लाखेची कांडी त्यावर घासली की कातडीसारखा पातळ थर चढतो. मग लाकडी हत्थ्याने पाटावर लोळवत त्याची लांब वळी करायची, मापाला तुकडा तोडायचा, टोकं गरम असतानाच जुळवायची आणि निमुळत्या लाकडी दांड्यावर सरकवून गोल करायची. खडे आणि आरसे शेवटी, बांगडी पुन्हा ऊब देऊन, चिमट्याने एकेक दाबून बसवतात. खडा गळतो तो बहुधा याच पायरीवर घाई झाल्यामुळे. लाख जरा निवली असेल तर खडा वरवर चिकटतो, आत रुतत नाही. घेण्याआधी नखाने दोन-चार खडे हलवून पाहा.

प्लास्टिकच्या बांगड्याही लाखेच्या म्हणून खपवल्या जातात. बांगडीची आतली बाजू बघा. साच्याची सरळ, सारखी रेघ दिसली तर ते प्लास्टिक. हाताने जोडलेल्या लाखेत सांधा किंचित जाड असतो, गोलाई थोडी उणी-अधिक असते. दुसरं, बांगडी शेगडीवर जरा सैल करून द्यायला सांगा. आत धातूचं कडं घातलेली बांगडी सैल होत नाही, पण ती जास्त टिकते आणि रोज घालायला तीच बरी. सगळी लाखेची असेल तर थोडं माप बदलता येतं, आणि फुटली तरी तुकडे जपून ठेवा, गरम करून सांधता येते.

भाव विचारताना जोडीचा की सेटचा आणि सेट एका हाताचा की दोन्ही हातांचा, हे आधी स्पष्ट करून घ्या.

लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून सॅनिटायझर आणि अत्तर लावताना बांगड्या आधी काढायच्या. गरम पाण्याने चमक जाते. भांडी घासताना, पोळ्या लाटताना या बांगड्या नकोतच. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवल्या तर मऊ पडून एकमेकींना चिकटतात. गावी आणताना वर्तमानपत्राच्या घट्ट गुंडाळीवर ओवायच्या, मध्ये सुती कापडाच्या पट्ट्या घालायच्या आणि हातातल्या पिशवीत ठेवायच्या.

होळीच्या आधी गेलात तर याच गल्लीत गुलाल गोटे मिळतात. लाखेचा छोटा गोळा नळीने फुंकून फुग्यासारखा पातळ करतात, पाण्यात निववतात, गुलाल भरतात आणि तोंड बंद करतात. अंगावर फुटतो पण लागत नाही, कारण कवच अंड्याच्या टरफलासारखं असतं. डबा उघडून प्रत्येक गोटा उजेडात फिरवून पाहा. केसाएवढी जरी चीर असली तरी गाडीच्या धक्क्यांनी सगळा गुलाल डब्यात सांडतो.