आपत्कालीन संपर्क

मेलबर्नला उतरल्यावर पाचव्या दिवशी मला एका कॅफेत काम मिळाले. रुजू होताना पुढ्यात आलेल्या अर्जात नाव, पत्ता आणि बँक खाते भरून झाले आणि पेन ‘आपत्कालीन संपर्क’ या चौकटीपाशी अडले. तिथे स्थानिक फोन क्रमांक हवा होता, आणि त्या अख्ख्या खंडात माझ्या ओळखीचे कोणीही नव्हते. शेवटी हॉस्टेलमध्ये माझ्या खालच्या बंकवर झोपणाऱ्या मुलीला विचारून मी तिचा क्रमांक लिहिला. तिचे आडनाव मात्र तेव्हा विचारायचे राहून गेले, त्यामुळे तेवढी जागा कोरीच राहिली.

एकटीने परदेशी जाते म्हटल्यावर बहुतेकांनी मला ‘करमेल का?’ असे विचारले होते. करमण्याची सोय माणूस कशीबशी लावून घेतो. अडते ते व्यवहारात, कारण तुमच्यासोबत आणखी एक जण आहे, असे जवळजवळ प्रत्येक व्यवहार गृहीत धरून चालतो. खोली भाड्याने घ्यायची तर तुमच्याविषयी चांगले सांगणारा कोणीतरी लागतो, आणि रेल्वे स्थानकावर स्वच्छतागृहात जायचे तर तेवीस किलोची बॅग सांभाळायलाही कोणीतरी लागते. (ती बॅग मी सोबत आत नेते. दोन्ही एकदम मावत नाहीत, हे सांगायला नको.)

गंमत अशी की मी ज्यावर आले तो वर्किंग हॉलिडे व्हिसा, म्हणजे सुट्टीवर फिरता फिरता काम करू देणारा व्हिसा, मुळात एकट्या माणसासाठीच बेतलेला आहे. ऑस्ट्रेलियाने ही योजना 1975 मध्ये सुरू केली. भारतीय पासपोर्टधारकांना ती 2024 मध्ये, भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारातील तरतुदीनुसार, वर्षाला 1,000 जागा आणि त्यासाठी सोडत, अशा स्वरूपात खुली झाली. माझ्या व्हिसाचा प्रकार सबक्लास 462. वय 18 ते 30, शालेय शिक्षणानंतर किमान दोन वर्षांचे शिक्षण, कामचलाऊ इंग्रजी आणि सुरुवातीच्या खर्चासाठी सुमारे 5,000 ऑस्ट्रेलियन डॉलर एवढ्या अटींत बसलात, तरी कुटुंबातील कोणालाही आपल्या अर्जात जोडता येत नाही. नवरा-बायकोला सोबत जायचे असले, तरी दोघांना दोन स्वतंत्र अर्ज करावे लागतात.

माझी खरी फजिती टॅक्स फाइल नंबरने, म्हणजे तिथल्या कर खात्याच्या क्रमांकाने, केली. तो तिथे पोहोचल्यावर ऑनलाइन मागता येतो, पण येतो टपालाने, आणि त्याला 28 दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. मी हॉस्टेलचा पत्ता दिला आणि स्वस्त खोली मिळाली म्हणून तिसऱ्या आठवड्यात तिथून बाहेर पडले. पत्र त्यानंतर आले. निघून गेलेल्या पाहुण्यांची टपाले आम्ही परत पाठवतो, असे काउंटरवरच्या मुलाने अतिशय सौजन्याने सांगितले. वर्किंग हॉलिडेवर आलेल्यांना पहिल्या डॉलरपासून 15 टक्के कर असतो. क्रमांक वेळेत दिला नाही, तर मात्र पगारातून सर्वाधिक दराने कर कापला जातो. जास्तीचा कर 30 जूनला आर्थिक वर्ष संपल्यावर विवरणपत्र भरून परत मागता येतो हे खरे, पण घरभाडे दर आठवड्याला द्यावे लागते. घरी दुसरे कोणी असते, तर ते पत्र निदान टेबलावर पडून तरी राहिले असते.

एका मालकाकडे साधारणपणे सहाच महिने काम करता येते, ही अट कागदावर वाचताना मला निरुपद्रवी वाटली होती. कोणता ग्राहक कोणती कॉफी घेतो हे पाठ व्हायला आणि स्वयंपाकघरातल्या माणसांनी माझ्यासाठी एक खुर्ची ठरवून टाकायला पाच महिने लागले, आणि सहाव्या महिन्यानंतर मला तिथून निघावे लागले. पुढे मी मरे नदीकाठच्या मिल्डुराला द्राक्षतोडणीसाठी गेले, कारण दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर ठरावीक भागांत तीन महिने ठरावीक प्रकारचे काम करावे लागते. तिथे वेलींच्या रांगा जोडीजोडीने वाटत होते. मुकादमाने पहिल्याच सकाळी विचारले, ‘तुझ्यासोबत कोण आहे?’ कोणी नाही म्हटल्यावर त्याने यादीवर पुन्हा नजर फिरवली आणि मला शेवटची, अर्धवट वाळलेली रांग दिली. नगावर मजुरी असली, तरी तासाच्या किमान वेतनाची हमी एप्रिल 2022 पासून कायद्याने आहे, हे मी वाचून गेले होते. त्यामुळे त्या रांगेत माझे पैसे बुडाले नाहीत. पण कात्री चालवता चालवता शेजारच्या रांगेतले बोलणे ऐकू येई आणि आपण विनाकारण हळू तोडतो आहोत, असे वाटत राही.

तिथल्या दुसऱ्या आठवड्यात दुपारच्या सुट्टीत खालच्या बंकवाल्या मुलीचा संदेश आला. ती तेव्हा ब्रिस्बेनला पोहोचली होती. ‘नवीन नोकरी लागली, अर्ज भरते आहे. तुझे आडनाव काय?’ मी ते एकेक अक्षर सुटे करून पाठवले आणि तिला तिचे विचारले.